पैशाच्या कार्डाचा जमाखर्च

१८३७ च्या सुमारास कलकत्त्याहून मुंबईस एक तोळा वजनाचे पत्र पाठवावयाचे झाले, तर एक रुपया हशील पडे. कलकत्त्याहून आग्र्यास बारा आणे लागत. रुपया मिळविण्यासाठी मजुराला कित्येक दिवस खपावे लागे, असा तो काळ. तेव्हा टपाल ही त्याच्यासाठी नव्हतीच, हे वेगळे सांगावयास नको. पुढे अवघ्या बेचाळीस वर्षांनी, १८७९ साली, याच देशात कोठूनही कोठेही चार ओळी एका पैशात पाठविता येऊ लागल्या. हा पैसा पुरतो काय, आणि पुरत नसेल तर उरलेले कोणी भरावयाचे, असा वाद त्या दिवसापासून सुरू झाला. कायदेमंडळात तो झाला, हिशेबतपासनिसांच्या अहवालांत झाला, संपांच्या सभांत झाला. आणि आज कार्ड लिहिणारे विरळा झाले तरी तो पुरता मिटलेला नाही. त्या वादाची हकीकत आज सांगावयाची आहे.

सरकारी टपाल म्हणजे सरकारच्या कामाचे टपाल, एवढाच त्या शब्दाचा अर्थ पूर्वी होता. पेशवाईत जासूदजोड्या धावत, त्या दरबारच्या कामावर. रयतेची पत्रे पोहोचविणे हे आपले कर्तव्य आहे, असे कोणत्याही दरबाराला वाटत नव्हते. सावकार आणि पेढीवाले आपापले कासीद बाळगून असत, आणि त्यांची व्यवस्था पुष्कळदा दरबारच्या व्यवस्थेहून तरतरीत असे. १७६१ साली उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना पानिपतच्या अनर्थाची वार्ता प्रथम कळली, ती एका सावकारी पत्रावरून, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे.

कंपनी सरकारचे टपालही आरंभी असेच स्वतःपुरते होते. वॉरन हेस्टिंग्जने १७७४ साली ते पैसे घेऊन लोकांना खुले केले. दर शंभर मैलांना दोन आणे असा हिशेब ठरला आणि हशील भरण्यासाठी दोन आण्यांची तांब्याची बिल्ले पाडण्यात आली. अंतर वाढेल तसे हशील वाढे, कारण पत्र माणसाच्या पायांनी जात होते आणि प्रत्येक टप्प्यावर नवा हलकारा लागत होता. वरवर पाहता हा हिशेब न्याय्यच दिसतो. १८३७ च्या कायद्याने कंपनी सरकारने पत्रे नेण्याचा मक्ता आपल्याकडे घेतला आणि खाजगी टपाल बेकायदा ठरविले. सावकारी कासीद याने अडचणीत आले. मक्तेदारी आधी आली आणि स्वस्ताई सतरा वर्षांनी, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

त्याच वर्षी इंग्लंडात रोलंड हिल या शिक्षकी पेशातून आलेल्या गृहस्थाने टपालसुधारणेवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याने साधी गोष्ट केली : पत्र नेण्यास प्रत्यक्षात खर्च किती येतो, हे त्याने मोजून पाहिले. लंडनहून एडिंबरोपर्यंत एक पत्र वाहून नेण्याचा खर्च त्याच्या हिशेबाने एका पेनीचा छत्तिसावा भाग होता. खरा खर्च होता तो पत्र घेणे, त्याचे हशील आकारणे, नोंदणे, वाटणे आणि पैसे वसूल करणे यांवर. मग अंतराप्रमाणे दर लावण्यात अर्थ काय? सर्वत्र एकच दर ठेवा, तो अगदी थोडा ठेवा आणि आगाऊ घ्या, असे त्याचे म्हणणे. १८४० साली ते अमलात आले. १८३९ साली इंग्लंडच्या टपालाने सुमारे साडेसात कोटी पत्रे वाहिली होती. १८४० साली ती जवळजवळ सतरा कोटींवर गेली. हा आकडा सगळेच सांगतात. दुसरा आकडा मात्र फारसे कोणी सांगत नाही. टपालखात्याचा निव्वळ नफा सोळा लक्ष पौंडांवरून एका वर्षात पाच लक्षांवर घसरला. जुने ढोबळ उत्पन्न पुन्हा हाती लागण्यास दहा वर्षांहून अधिक काळ जावा लागला आणि जुना नफा मिळण्यास त्याहून कितीतरी अधिक. स्वस्त टपाल आपला खर्च आपोआप भरून काढते, ही समजूत इतिहासाला धरून नाही. ते भरून काढते, पण वाट पाहावी लागते, आणि तेवढा काळ कोणाला तरी तोटा सोसावा लागतो.

हिंदुस्थानात ती वाट पाहण्याचे डलहौसीच्या सरकारने ठरविले. सिंध प्रांतात बार्टल फ्रिअर याने १८५२ साली आपल्या प्रांतापुरती तिकिटे काढून एक प्रयोग केलाच होता. सरकारने नेमलेल्या टपाल-चौकशी मंडळानेही एकच दर ठेवण्याची शिफारस केली होती. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा, अंतर कितीही असो, असा नियम झाला. सर्व देशासाठी एक डायरेक्टर जनरल नेमण्यात आला आणि ७०१ टपालकचेऱ्या त्याच्या हाताखाली आल्या. तिकीट न लावता टाकलेल्या पत्रास दुप्पट हशील घ्यावयाचे ठरले. मराठीत 'नॉटपेड' हा शब्द पुढे रूढ झाला, तो अशाच पत्रांसाठी. डलहौसीने हिंदुस्थान सोडताना लिहिलेल्या अहवालात या सुधारणेचा उल्लेख मोठ्या अभिमानाने केला आहे. पेशावरला रुजू झालेला एखादा स्कॉच रंगरूट आपल्या आईला स्कॉटलंडच्या उत्तर टोकापर्यंत सहा पेन्सांत पत्र पाठवू शकतो, आणि तीन वर्षांपूर्वी तेवढ्या पैशांत त्याचे पत्र लाहोरच्या पलीकडे गेले नसते, असे तो सांगतो. अभिमान रास्त होता. मात्र दाखला द्यावयास त्याला गोरा शिपाईच आठवला, हेही त्या काळाला धरूनच झाले.

पाव तोळा म्हणजे किती? पातळ कागदाचा एक तुकडा. तेवढ्यात मजकूर बसवावयाचा म्हणून लोक बारीक अक्षरात, समास न सोडता लिहीत. १८६९ साली तेवढ्याच पैशांत अर्धा तोळा नेण्याची मुभा मिळाली. दरम्यान आणखी एक गोष्ट घडली, आणि हिशेबाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. १८६६ साली सरकारी कचेऱ्यांच्या पत्रांसाठी 'सर्व्हिस' अशी अक्षरे छापलेली वेगळी तिकिटे निघाली. सरकारचे टपाल फुकट गेले, तर टपालखाते तोट्यात दिसते. सरकारने तिकिटे विकत घेतली, तर तेच खाते, त्याच पिशव्या आणि त्याच माणसांनिशी, फायद्यात दिसू लागते. टपालाचा तोटा हा काही अंशी नेहमीच खतावणीच्या आखणीवर अवलंबून राहिला आहे.

१ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे कार्ड निघाले. ऑस्ट्रियाने जगातले पहिले पोस्टकार्ड १८६९ साली काढले होते. दहा वर्षांनी ते आपल्याकडे आले. उघडे कार्ड कोणीही वाचील, ही भीती आरंभी असेलही. पण स्वस्ताईपुढे ती टिकली नाही. वाण्याची मागणी, लेकीचे क्षेम, परगावी शिकणाऱ्या मुलाची खुशाली, सोयरीक जमल्याचा आनंद, हे सारे त्या बोटभर कागदावर मावू लागले. दुःखाची बातमीही त्यावरच येई, आणि असे कार्ड वाचून होताच फाडून टाकीत. लिहिता न येणाऱ्याला लिहून देणारा आणि वाचता न येणाऱ्याला वाचून दाखविणारा असे दोन माणूस प्रत्येक कार्डामागे असत, आणि पुष्कळदा वाचून दाखविणारा पोस्टमनच असे.

याच वेळी टपालखात्याने इतर कामेही अंगावर घेतली. व्ही. पी. ची पद्धत १८७७ साली सुरू झाली, मनीऑर्डर १८८० साली टपालाकडे आली, बचत बँक १८८२ साली. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या रत्नागिरीकराच्या घरची चूल मनीऑर्डरीवर पेटत असे. कोकणाच्या अर्थव्यवस्थेला 'मनीऑर्डरची अर्थव्यवस्था' असे नावच पुढे पडले. पुण्याचे 'केसरी' साप्ताहिक १८८१ पासून निघू लागले. ते खेडोपाडी पोहोचे ते टपालानेच, आणि नोंदलेल्या वृत्तपत्रांना मिळणाऱ्या सवलतीच्या हशिलावर. मनीऑर्डरवर खाते चार पैसे मिळवी, कार्डावर गमावी, आणि एका खिशातले दुसऱ्या खिशात घालून गाडा चाले. रेल्वे पसरत गेली तशी वाहतूक स्वस्त झाली. चालत्या गाडीत पत्रे निवडण्याची व्यवस्था १८६३ पासून अलाहाबाद-कानपूर मार्गावर सुरू झालेलीच होती.

परंतु रेल्वेस्टेशन संपले की पुढे पायच. खांद्यावर पिशवी, हातात घुंगुर लावलेला भाला, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत पळत जाणे : टपाल रनरचे हे चित्र कथा-कवितांतून आपल्या परिचयाचे आहे. त्याचा पगार मात्र कवितेत येत नाही. आणखी एक सोय खात्याने शोधून काढली होती. खेड्यात पगारी पोस्टमास्तर ठेवणे परवडत नाही, म्हणून शाळामास्तराला किंवा दुकानदाराला महिन्याला थोडासा भत्ता देऊन टपालाचे काम सोपवावयाचे. तो खात्याचा नोकर नव्हे; त्याला 'खातेबाह्य' म्हणावयाचे. एका पैशाचे कार्ड खेड्यापर्यंत पोहोचत होते, त्याचे एक कारण इंग्लंडची कल्पना हे होते, दुसरे रेल्वे, आणि तिसरे हा शाळामास्तर. इतिहासाच्या पुस्तकांत पहिल्या दोन कारणांना पुष्कळ जागा मिळाली आहे.

पहिल्या महायुद्धाने हा मेळ मोडला. धान्य आणि कापड महागले. जुन्या पगारात भागेना. मुंबईच्या टपालनोकरांनी १९२० साली दीर्घ संप केला. सरकारच्या तिजोरीत युद्धामुळे खड्डा पडलेला होता. अर्थमंत्री सर माल्कम हेली यांनी १९२१ सालीच टपालाचे दर चढविण्याचा प्रयत्न केला. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी अस्तित्वात आलेली विधिसभा त्या वर्षी नुकतीच बसू लागली होती. तिने पैशाचे कार्ड वाचविले. पाकिटाच्या दरात तेवढी वाढ झाली. नव्या दराची तिकिटे छापून होईपर्यंत एका आण्याच्या तिकिटावर 'नऊ पै' असे छापून काम भागवावे लागले. तिकिटे जमविणाऱ्यांच्या वहीत ती आजही आढळतात.

पुढल्या वर्षी मात्र विधिसभा नमली. १९२२ चे अंदाजपत्रक पाहिले, तर त्या नमण्यातील राजकारण कळते. हेली यांनी अनेक कर सुचविले होते. त्यांत मिठावरील कर दुप्पट करण्याची सूचना होती आणि कार्ड-पाकिटांचे दर वाढविण्याचीही होती. सभासदांनी मिठाला साफ नकार दिला. टपालाला दिला नाही. २४ एप्रिल १९२२ पासून कार्ड पाव आण्याचे अर्धा आणा झाले आणि पाकिटास एक आणा पडू लागला. मीठ गरिबातला गरीब खातो, पत्र मात्र लिहिणाराच लिहितो, असा त्यामागचा हिशेब दिसतो. तो सर्वस्वी चुकीचा म्हणता येत नाही. पण त्या हिशेबात गिरणीतला रत्नागिरीकर कोठे बसत होता? तो मीठही खात होता आणि कार्डही टाकीत होता. पुढल्याच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी आपल्या खास अधिकारात मिठाचा करही दुप्पट केला, तेव्हा त्याचा पैसा दोन्हीकडून गेला.

दर दुप्पट झाल्यावर कार्डांची संख्या घटली, आणि ती सावरावयास वेळ लागला. पैशाचे कार्ड परत आणा, ही मागणी मग अर्थविधेयकाच्या चर्चेत जवळजवळ वर्षाचे वर्षाला उठू लागली. सरकारचे उत्तर ठरलेले असे : कार्डावर आधीच तोटा आहे, तो आणखी वाढवून कोणाकडून भरून घ्यावयाचा? या उत्तराला आकड्यांचा आधार हवा होता. इंचकेप समितीने १९२२-२३ साली सरकारी खर्चाची छाटणी सुचविली, त्यानंतर १९२५ साली टपाल-तार खात्याचे हिशेब व्यापारी पद्धतीने नव्याने बांधण्यात आले. गुंतविलेल्या भांडवलावर व्याज, घसारा, निवृत्तिवेतनाची जबाबदारी, इतर खात्यांसाठी केलेल्या कामाचा मोबदला, हे सारे वेगळे मांडले गेले. या खात्याकरवी जनतेवर छुपा कर बसतो, की जनतेला छुपी मदत मिळते, हे कळावे असा हेतू होता. हेतू चांगला होता आणि पद्धतही योग्य होती. अडचण इतकीच की, खेड्यातील टपालकचेरीचा खर्च मांडता येतो, पण ती नसती तर गावाचे काय झाले असते, ते मांडावयास खतावणीत रकाना नसतो.

१९३१ च्या मंदीत तेच पुन्हा घडले. सर जॉर्ज शूस्टर यांनी सप्टेंबरात पुरवणी अंदाजपत्रक आणले. विधिसभेने विरोध केला, आणि व्हाइसरॉयांच्या खास अधिकाराने ते मंजूर झाले. १५ डिसेंबरपासून कार्ड नऊ पै आणि पाकीट सव्वा आणा झाले. त्याच योजनेत सरकारी नोकरांच्या पगारांतही सर्वसाधारणपणे दहा टक्के कपात होती, म्हणजे पत्र टाकणारा आणि पत्र हाताळणारी कचेरी, दोघांनीही त्या संकटाची वर्गणी भरली. पाकिटाचे दर पुढे थोडे उतरले, युद्धात पुन्हा चढले. त्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही. १९४६-४७ च्या अंदाजपत्रकाने कार्ड परत अर्ध्या आण्यावर आणले. त्याच वर्षी ११ जुलैला देशभरच्या पोस्टमनांनी आणि खालच्या श्रेणीच्या नोकरांनी संप पुकारला, आणि २९ जुलैला त्यांच्या पाठिंब्यासाठी कलकत्ता शहर बंद पडले. कार्ड स्वस्त झाल्याचा आनंद आणि कार्ड वाटणाऱ्याचा संप एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात यावा, यात मला योगायोगापेक्षा अधिक काही दिसते.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात २३,३४४ टपालकचेऱ्या होत्या. पहिले दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई हे हिशेबापेक्षा हिंमतीवर चालणारे गृहस्थ होते. १९४९ च्या जानेवारीत त्यांनी रात्रीचे हवाई टपाल सुरू केले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरच्या धावपट्टीवर एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपूर्वी ती परत फिरत. नागपूर हे देशाच्या मध्यावर आहे, हे भूगोलात शिकविलेले वाक्य असे कामी आले. त्या वर्षीच्या एप्रिलपासून देशातील पत्रे जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली. मात्र त्याच वेळी पाकिटाचे हशील दोन आणे झाले आणि कार्ड पुन्हा नऊ पैवर गेले. १९५० साली आंतरदेशीय पत्र निघाले. दोन हजार वस्तीच्या गावांत टपालकचेरी काढण्याचे धोरणही किडवाईंचेच. अशी कचेरी आपला खर्च भागवीत नाही, हे ठाऊक असून ती काढली जात होती.

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि कार्ड पाच नव्या पैशांचे झाले. १९६८ साली ते सहा पैशांवरून दहा पैशांवर गेले, पुढे पंधरा पैशांवर, आणि तेथे ते फार वर्षे थांबले. इतर सगळ्या वस्तू महागत असताना कार्ड तेवढे थांबून राहिले, कारण कोणत्याही अर्थमंत्र्याला कार्डाचा दर वाढविल्याची बातमी नको असे. तोटा दिसत नव्हता, कारण टपाल आणि तार ही एकाच घरात नांदत होती आणि दूरध्वनीची कमाई टपालाची तूट झाकीत होती. १९८५ च्या आरंभी दोन्ही खाती वेगळी झाली आणि झाकण निघाले. शहरांतील नफ्याची पत्रे तोवर खाजगी कुरिअरवाल्यांनी उचलावयास सुरुवात केली होती. खात्याने १९८६ साली स्पीड पोस्ट काढून त्यांना उत्तर दिले. पण खेड्यातले कार्ड कोणी कुरिअरवाला मागावयास आला नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस कार्ड पंचवीस पैशांवर आणि नव्या शतकाच्या आरंभी पन्नास पैशांवर गेले, आणि तेथे वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. २००२ साली पंचवीस पैशांचे 'मेघदूत' कार्ड निघाले. त्याच्या पत्त्याच्या बाजूवर जाहिरात असे, म्हणजे उरलेले पैसे जाहिरातदार भरी.

खात्याच्या २०१६-१७ च्या आकड्यांप्रमाणे एका कार्डामागे सरासरी १२ रुपये १५ पैसे खर्च येत होता आणि हाती पडत होते पन्नास पैसे. हे बारा रुपये कागदाचे नव्हेत. टपालखात्याच्या खर्चाचा बहुतेक भाग पगार आणि निवृत्तिवेतन यांचा असतो, आणि कार्डे कमी झाली म्हणून वाटणाऱ्याची फेरी आखूड होत नाही. पिशवीत चाळीस कार्डे असोत की चार, वाडी तेवढ्याच अंतरावर असते. देशातल्या सुमारे दीड लाख टपालकचेऱ्यांपैकी दहातल्या नऊ खेड्यांत आहेत, आणि त्यांतल्या बहुसंख्य त्या जुन्या शाळामास्तराच्या वारसांकडे आहेत. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने या 'खातेबाह्य' सेवकांचे पद मुलकी पद होय, असा निर्णय दिला. पुढे त्यांना 'ग्रामीण डाक सेवक' असे नाव मिळाले. पण नियमित खातेनोकराची वेतनश्रेणी आणि निवृत्तिवेतन त्यांना त्या नावाबरोबर मिळाले नाही. बारा रुपयांचा तोटा ज्यांच्या नावावर मांडला जातो, त्यांत सर्वांत कमी मिळविणारे हेच आहेत.

१८९८ च्या टपाल कायद्यास एक परिशिष्ट होते. कार्ड, पाकीट आणि वृत्तपत्र यांचे कमाल दर त्यात छापलेले असत, आणि ती मर्यादा ओलांडावयाची तर अर्थविधेयकाबरोबर लोकप्रतिनिधींपुढे यावे लागे. १९२२ चा तो सारा झगडा या परिशिष्टाभोवतीच झाला होता. १८ जून २०२४ पासून २०२३ चा नवा टपाल कायदा अमलात आला आणि जुना कायदा रद्द झाला. पत्रे नेण्याचा सरकारी मक्ता, जो १८३७ साली सुरू झाला होता, तो नव्या कायद्यात नाही. दरांचे परिशिष्टही नाही. आकार ठरविण्याचे काम आता डायरेक्टर जनरलच्या विनियमांकडे आहे.